तळ्यातला राजवाडा आणि भिंतींची ओल

राजस्थानात उदयपूर शहरी पिछोला नावाचे सरोवर आहे. त्यातील एका बेटावर मेवाडचे महाराणा जगतसिंह (दुसरे) यांनी १७४३ ते १७४६ या काळात जगनिवास हा राजवाडा बांधला. १९६० नंतरच्या दशकात महाराणा भगवतसिंह यांनी त्याचे हॉटेल केले. आज तो ‘लेक पॅलेस’ या नावाने जगभर ओळखला जातो.

जुन्या राजवाड्याचे हॉटेल करायचे, तर नुसते पलंग आणि गालिचे आणून भागत नाही. प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागते, गरम-थंड पाण्याचे नळ लागतात. बाहेर तळे आणि आत नळ! अशा वेळी भिंतींना खरी भीती असते ती ओलीची.

ओल भिंतीत चढते कशी? दगड, वीट, चुना यांत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते, तसे या छिद्रांतून पाणी वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. पाण्याची वाफ झाली की क्षार मागे उरतात. त्यांचे स्फटिक वाढू लागतात, छिद्रांच्या कडांना रेटतात आणि भिंतीचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण ‘लोणा लागला’ असे म्हणतो.

यावर जुन्या गवंड्यांचा उपाय होता चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना उरतो. पाणी घालून तो विरवतात. भिंतीवर लावल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो! हा गिलावा सच्छिद्र असल्याने ओल त्यातून बाहेर पडते. लोणा लागलाच तर गिलाव्याला लागतो, आतला दगड वाचतो. गिलावा पुन्हा करता येतो; कोरीव दगड गेला तो गेलाच.

सिमेंटचा गिलावा मात्र घट्ट असतो. ओल आत कोंडते आणि क्षारांचे स्फटिक दगडातच वाढतात. बाहेरून भिंत छान दिसते, आतून ती पोखरत असते. म्हणून अशा वास्तूंच्या दुरुस्तीत जाणकार आजही चुनाच वापरतात. नळही भिंतीत न गाडता उघडता येणाऱ्या पोकळीतून नेणे चांगले, म्हणजे गळती लगेच सापडते.

करून पाहा : दोन खडू घ्या. एकाच्या फक्त बाजूंना मेणबत्तीचे मेण लावा. दोन्ही टोके मोकळी ठेवा. दोन्ही खडू शाईच्या पाण्यात उभे करा. भिजल्यावर बाहेर काढून ठेवा. कोणता आधी वाळतो? का?