दंड न भरल्यास कैद : भारतीय कायद्यातील तरतुदी आणि ऐपतीचा प्रश्न

प्रस्तावना

फौजदारी न्यायालयाच्या निकालाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्या अखेरीस बहुधा एक ठरावीक वाक्य असते : ‘पाच हजार रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी दोन महिने साधी कैद’. मूळ शिक्षा किती झाली हे वाचक लक्षात ठेवतो; या अखेरच्या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात ज्याच्याजवळ पाच हजार रुपये नाहीत आणि ते उसने देणारेही कोणी नाही, अशा माणसाच्या दृष्टीने निकालातील तोच भाग निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात या तरतुदींचे स्वरूप आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले असून, ‘दंड न भरणे’ आणि ‘दंड भरू न शकणे’ या दोन गोष्टींत आपला कायदा फरक करतो काय, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. व्यवहारात दंड, नुकसानभरपाई आणि कोर्ट फी या तिन्ही रकमांना ‘कोर्टात भरायचे पैसे’ असेच म्हटले जाते; परंतु त्या न भरल्याचे परिणाम निरनिराळे आहेत. तसेच वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाची थकलेली रक्कम हा न्यायालयाने ठोठावलेला दंड नव्हे. ते प्रकरण न्यायालयात जाऊन दोष सिद्ध झाल्यावरच पुढील विवेचन त्यास लागू होते.

कैदेचे कायदेशीर स्वरूप

भारतीय दंड संहितेतील कलम ६३ ते ७० या विषयाला वाहिलेली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या कलम ८ मध्ये या आठही कलमांचा आशय एकत्र आणला आहे. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २५ मुळे दंडवसुलीविषयीच्या या तरतुदी अन्य कायद्यांखालील दंडांनाही लागू होतात. म्हणजेच त्यांची व्याप्ती संहितेपुरती नाही.

दंड न भरल्यास भोगावयाची कैद ही ‘शिक्षा’ आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मध्य प्रदेशातून आलेल्या एका अपिलात याचे उत्तर नकारार्थी दिले. गुन्ह्याबद्दलची कैद अपिलात रद्द अथवा कमी झाल्याखेरीज किंवा तिच्यात सूट मिळाल्याखेरीज टळत नाही. दंडाऐवजीची कैद मात्र रक्कम भरताच टळते. ती गुन्ह्याची नव्हे, तर रक्कम न भरल्याची फलश्रुती होय. त्या प्रकरणात अमली पदार्थविषयक कायद्याखाली एक लाख रुपये दंड आणि तो न भरल्यास तीन वर्षे कैद असा आदेश होता. आरोपीची गरिबी विचारात घेऊन न्यायालयाने तीन वर्षांची मुदत सहा महिन्यांवर आणली. ही मुदत ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप, परिस्थिती आणि आरोपीची स्थिती पाहावी, अशी अपेक्षाही तेथे व्यक्त झाली. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. परंतु ‘पैसे भरले की सुटका’ ही किल्ली ज्याच्या हाती नाही, त्याच्या दृष्टीने शिक्षा आणि फलश्रुती यांतील भेद केवळ शब्दांचा उरतो.

मुदतीचे मोजमाप आणि त्यातील विसंगती

ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड अशी दोन्ही प्रकारची शिक्षा सांगितली आहे, तेथे दंडाऐवजीची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. सहा महिन्यांच्या गुन्ह्याला दीड महिना, वीस वर्षांच्या गुन्ह्याला पाच वर्षे, असा हा हिशेब आहे. अपूर्णांक काढण्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरली जाते. मात्र ज्या गुन्ह्याला केवळ दंडच सांगितला आहे तेथे चतुर्थांशाचा नियम लागू पडत नाही, कारण चतुर्थांश कशाचा काढावयाचा हाच प्रश्न येतो. तेथे कायद्याने स्वतंत्र पायऱ्या घातल्या असून ही कैद साधीच असावी लागते. १८६० च्या संहितेनुसार पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, शंभर रुपयांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे सहा महिने अशी कमाल मर्यादा होती.

या पायऱ्या दीडशेहून अधिक वर्षे तशाच राहिल्या. रुपयाची किंमत उतरत गेली, तसतशा पहिल्या दोन पायऱ्या निरुपयोगी झाल्या आणि बहुतेक दंड तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दलचे जुने कलम २८३ फेरीवाले आणि हातगाडीवाले यांच्याविरुद्ध वापरले जात असे. त्याला कैद नव्हती. कमाल दंड दोनशे रुपये होता. पण दोनशे ही रक्कम शंभराहून अधिक असल्याने दंड न भरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद देता येत असे. उलटपक्षी कलम २७९ खाली भरधाव व बेदरकारपणे वाहन चालविणाऱ्यास मूळ कैदच सहा महिन्यांपर्यंत होती. परंतु दंड न भरल्याची कैद चतुर्थांशाच्या नियमाने दीड महिन्याच्या पुढे जाऊ शकत नव्हती. ज्या कृत्याला कायद्याने तुरुंगवासाच्या योग्यतेचेच मानले नाही, त्याच्या दंडाची कैद अधिक गंभीर गुन्ह्याच्या दंडाच्या कैदेहून चौपट! न्यायालये इतकी कठोर मुदत क्वचितच देत असतील, हे खरे. तथापि कायद्याने दिलेली मोकळीक हीच होती.

नव्या संहितेने पायऱ्या बदलल्या आहेत. पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष, अशा त्या आता आहेत. तळच्या पायरीवरील माणसाला हा बदल निश्चित दिलासा देणारा आहे. वरची पायरी मात्र सहा महिन्यांवरून एका वर्षावर गेली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. रस्त्यातील अडथळ्याचा दंड कलम २८५ मध्ये पाच हजारांपर्यंत वाढविल्यामुळे त्याची पर्यायी कैद दोन महिन्यांपर्यंत, तर बेदरकार वाहनचालकाची आजही दीड महिन्यापर्यंतच. विसंगती घटली, संपली नाही. नव्या संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांना सामुदायिक सेवेची शिक्षा आणली आहे. परंतु दंड भरू न शकणाऱ्याला त्याऐवजी सेवा करण्याचा सर्वसाधारण पर्याय तिने दिलेला नाही; उलट सेवा न केल्यासही कैदच सांगितली आहे.

वसुली, हप्ते आणि तुरुंगातील हिशेब

कैद हा वसुलीचा एकमेव मार्ग नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ नुसार (पूर्वीचे कलम ४२१) न्यायालय जंगम मालमत्तेच्या जप्ती व विक्रीसाठी वॉरंट काढू शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू शकते. दंड सहा वर्षांपर्यंत वसूल करता येतो, मूळ कैद त्याहून मोठी असल्यास ती संपेपर्यंत. आरोपीच्या मृत्यूनेही त्याची मालमत्ता या दायित्वातून सुटत नाही. दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगून झाल्यावर मात्र विशेष कारणे लेखी नोंदविल्याखेरीज वॉरंट काढता येत नाही. नुकसानभरपाईला हे संरक्षण नाही. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत दिलेली भरपाई पर्यायी कैद भोगल्यानंतरही वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. कैद भोगली म्हणजे पैसे फिटले, हा समज त्या प्रकरणांत महागात पडतो.

रकमेचा काही भाग भरल्यास कैद त्या प्रमाणात घटते. समजा, एक हजार रुपये दंड आणि तो न भरल्यास चार महिने कैद असा आदेश आहे. पहिला महिना संपण्यापूर्वी साडेसातशे रुपये जमा झाले, तर महिना संपताच सुटका होते. नातेवाइकांना हे ठाऊक नसते. पूर्ण रक्कम जमेपर्यंत ते थांबून राहतात आणि दिवस वाया जातात.

कलम ४६४ (पूर्वीचे ४२४) हप्त्यांची सोय करते. तीस दिवसांच्या आत पूर्ण रक्कम, अथवा दोन किंवा तीन हप्ते, पहिला तीस दिवसांत व पुढचे प्रत्येकी तीस दिवसांपेक्षा अधिक अंतर न ठेवता. तोवर आरोपीला बंधपत्रावर मोकळे सोडता येते. मात्र ही सोय केवळ दंडाचीच शिक्षा झालेल्यांसाठी आहे. ज्याला कैद आणि दंड दोन्ही झाले, आणि म्हणून जो तुरुंगात असल्याने काही कमावू शकत नाही, तो या कलमाच्या बाहेर राहतो.

तुरुंगातील हिशेबातही त्याची बाजू लंगडी पडते. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात. परंतु वजावटीच्या कलमातच दंडाऐवजीची कैद वगळलेली आहे. शिवाय ही कैद मूळ शिक्षेबरोबर एकत्रित भोगता येत नाही, आणि अनेक दंडांबद्दलच्या कैदाही एकापाठोपाठ एक भोगाव्या लागतात. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या २०१८ च्या एका प्रकरणात हा मुद्दा निर्णायक ठरला. तेथे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमाखाली, म्हणजे ‘मकोका’खाली, दंड झालेले होते. त्या अधिनियमाच्या काही कलमांत किमान दंडच पाच लाख रुपये आहे. न्यायाधीशाला तो कमी करता येत नाही. न्यायालयाने या कैदा एकत्रित भोगू देण्याची विनंती अमान्य केली, मात्र त्यांची मुदत कमी केली. किमान दंड कायद्याने बांधलेला असला तरी पर्यायी कैदेची मुदत न्यायाधीशाच्या हाती असते, हे या निकालावरून ध्यानात येते.

कोर्ट फीचा वेगळा न्याय

कोर्ट फी न भरल्याबद्दल कोणाला तुरुंगात जावे लागत नाही. येथे दार बंद होते. अपुऱ्या फीचे वादपत्र, मुदत देऊनही फी न भरल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली फेटाळले जाते. महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ खालील फीची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाख रुपयांवर गेली. तथापि येथे ऐपतीचा विचार कायद्यातच आहे. आदेश ३३ नुसार निर्धन व्यक्तीला फी न भरता दावा लावता येतो. त्यासाठी तिच्या साधनांची चौकशी होते. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने निर्वाह, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोटविषयक प्रकरणांत स्त्रियांना फी माफ केली आहे.

ऐपतीची चौकशी : कोणाची होते, कोणाची होत नाही

हीच चौकशी दिवाणी ऋणकोलाही मिळते, आणि येथे तुलना उद्बोधक ठरते. हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्यास दिवाणी कैदेत पाठविण्यापूर्वी कलम ५१ च्या परंतुकानुसार त्याचे म्हणणे ऐकावे लागते. तो मालमत्ता दडवीत आहे, पळून जाण्याच्या बेतात आहे, किंवा ऐपत असूनही टाळाटाळ करीत आहे, अशी खात्री कारणांसह नोंदवावी लागते. दोन हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कैद नाहीच. कमाल कैद तीन महिन्यांची. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. आणि कैदेतील ऋणकोचा निर्वाहभत्ता धनकोने भरावयाचा असतो. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी या तरतुदीला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ची जोड दिली आणि केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडणाऱ्याला कैदेत टाकणे अमान्य केले.

सावकाराचे लाखो रुपये देणे असलेल्या माणसाला ही चौकशी मिळते. शासनाला दोनशे रुपये दंड देणे असलेल्या हातगाडीवाल्यासाठी मात्र तशी चौकशी करण्याचे बंधन संहितेत नाही. यावर एक आक्षेप घेतला जातो. कर्ज हा करार आहे, दंड ही शिक्षा आहे. गरिबीची सबब मान्य केली तर दंडाला अर्थच उरणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की गरिबालाही काही शिक्षा असावी. ती तुरुंगवासच असावी, असे निघत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या प्रकरणात हाच मार्ग धरला. दंड व भरपाई मिळून साडेसातशे डॉलरपैकी उरलेली रक्कम न भरल्याने तेथे परिवीक्षा रद्द झाली होती. प्रामाणिक प्रयत्न करूनही रक्कम उभी करता आली नसेल, तर कैदेपूर्वी अन्य पर्यायांचा विचार केला पाहिजे, असे त्या न्यायालयाने ठरविले. फिनलंडने १९२१ पासून आणि पश्चिम जर्मनीने १९७५ पासून दंडच दैनिक उत्पन्नाच्या हिशेबात ठरविण्याची पद्धत स्वीकारली. तेथे ऐपतीचा विचार शिक्षा देतानाच होतो. आपल्याकडेही कमाल रक्कम न सांगितलेला दंड ‘अवाजवी’ नसावा, असे कायदा म्हणतो. पण कोणाच्या दृष्टीने अवाजवी, हे तो सांगत नाही.

भारतात ही चौकशी अलीकडे आली ती शासकीय योजनेच्या रूपाने. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गरीब बंद्यांच्या साहाय्याची घोषणा झाली आणि जून २०२३ मध्ये गृह मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. दंडाअभावी सुटका अडलेल्या सिद्धदोष बंद्याची माहिती तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास सात दिवसांत कळवावयाची. सचिवाने परिवीक्षा अधिकारी, समाजसेवक यांच्या साहाय्याने त्याच्या आर्थिक स्थितीची चौकशी करावयाची. आणि जिल्हास्तरीय समितीने पंचवीस हजार रुपयांपर्यंतची रक्कम न्यायालयात भरण्यास मंजुरी द्यावयाची. किरकोळ दंडांसाठी ही रक्कम पुरेशी आहे. अमली पदार्थांच्या एक लाखाच्या किंवा ‘मकोका’च्या पाच लाखांच्या किमान दंडापुढे ती अपुरी पडते. शिवाय ही चौकशी सुरू होते ती मूळ शिक्षा संपून सुटका अडल्यावर. परिवीक्षा अधिकारी तेच, बंद्याचे घर तेच आणि विचारावयाचे प्रश्नही तेच असताना, दंडाची रक्कम व पर्यायी कैदेची मुदत ठरविण्याच्या दिवशी न्यायाधीशापुढे ही माहिती आणण्याची तरतूद मात्र या योजनेत नाही.