पहिल्या पंगतीचे अभिप्राय

२५ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे ‘सिनेमाकॉन’ या चित्रगृहचालकांच्या वार्षिक मेळाव्यात वॉर्नर ब्रदर्सने ‘द फ्लॅश’ हा आपला नवा सुपरहीरोपट दाखविला. प्रदर्शनाला अजून सात आठवडे अवकाश होता आणि चित्रपटावरून अखेरचा हातही फिरायचा होता. खेळ संपल्यावर तासाभरात प्रेक्षकांचे अभिप्राय जगभर पोहोचू लागले. त्यांत उत्साहाचा नुसता पूर होता. कोणी डोळे पाणावल्याचे लिहिले, तर कोणी या प्रकारातील सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत त्याला बसवून टाकले. डीसी स्टुडिओजची सूत्रे नुकतीच हाती घेतलेल्या जेम्स गन यांनी तर जानेवारीतच, आजवरच्या श्रेष्ठ सुपरहीरोपटांपैकी हा एक असल्याची ग्वाही दिली होती. मे महिन्यात भयकथांचे बादशहा स्टीफन किंग यांनीही जाहीर कौतुक केले.

१६ जूनला चित्रपट अमेरिकेत लागला. भारतात तर तो एक दिवस आधीच, १५ जूनला आला होता. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत सुमारे साडेपाच कोटी डॉलर जमले. दुसऱ्या आठवडाअखेरीस हा आकडा सुमारे ७२ टक्क्यांनी घसरून दीड कोटीवर आला. जगभरची एकूण कमाई २७ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. निर्मितीखर्चच मुळी २० कोटी डॉलरच्या घरात होता. प्रसिद्धीचा खर्च त्यात धरलेला नाही आणि तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रगृहाकडे जातो, हे लक्षात घेतले की तोट्याची कल्पना येते.

मग एप्रिलमध्ये ज्यांचे डोळे पाणावले ते खोटे बोलत होते काय? सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ते खरे बोलत असूनही आपली दिशाभूल कशी होते, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण आज तिकीट, खाऊ आणि येण्याजाण्याचा खर्च धरला तर चौघांच्या कुटुंबाला एक चित्रपट दीडदोन हजारांना पडतो, आणि हा खर्च करायचा की नाही हे अनेक जण याच पहिल्या अभिप्रायांवरून ठरवितात.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीचा अनुभव सर्वांना आहे. पहिल्या पंगतीत व्याही मंडळी आणि मानाचे पाहुणे बसतात. त्यांना गरम वाढले जाते, आग्रह होतो, यजमान जातीने उभे असतात. हात धुऊन बाहेर येणाऱ्या या पाहुण्याला ‘जेवण कसे होते?’ असे विचारले तर तो ‘उत्तम!’ म्हणतो. त्यात लबाडी नसते. मठ्ठा संपल्याचे आणि भात गार झाल्याचे शेवटच्या पंगतीला बसलेल्यांनाच कळते. चित्रपटाच्या पहिल्या खेळांची रचना नेमकी अशीच असते.

ही रचना थोडी उलगडून पाहू. मोठ्या चित्रपटाचा पहिला खेळ होतो तेव्हा निमंत्रितांवर दोन वेगवेगळ्या अटी असतात. इंग्रजीत त्यांना ‘एम्बार्गो’ म्हणतात, म्हणजे ठरलेल्या घटकेपर्यंत तोंड बंद ठेवण्याचा करार. पहिली अट लवकर उठते. खेळ संपला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी चारदोन ओळींत ‘कसे वाटले’ एवढेच सांगायची मुभा मिळते. कथानक सांगायचे नाही आणि सविस्तर चिकित्साही करायची नाही. दुसरी अट सविस्तर परीक्षणांची. ती प्रदर्शनाच्या दोनतीन दिवस आधी, कधी आदल्या दिवशी उठते. या दोन मुदतींमधला काळ हा निर्मात्यांचा सुगीचा हंगाम. त्या काळात बाजारात फक्त विशेषणे असतात. ‘अद्भुत’, ‘थरारक’, ‘भावस्पर्शी’ हे शब्द उचलून जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापता येतात.

चारदोन ओळींच्या अभिप्रायात ‘पण’ या शब्दाला जागा नसते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वार्ध छान, उत्तरार्ध लांबलेला, खलनायक फिका, संगीत बरे, अशी मोजमाप करायची तर परिच्छेद लागतो. दोन ओळींत माणूस एक तर टाळ्या वाजवितो किंवा गप्प बसतो. ज्यांना चित्रपट मध्यम वाटला त्यांतील बहुतेक जण गप्प बसतात. पुढच्या खेळाचे निमंत्रण यावे ही इच्छाही त्या मौनात कुठेतरी असतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे निमंत्रितांची निवड. सिनेमाकॉनच्या सभागृहात बसलेल्यांत चित्रगृहांचे मालक आणि व्यवस्थापक मोठ्या संख्येने होते. चित्रपट चालावा ही त्यांची पोटापाण्याची गरज. करोनाच्या तडाख्यातून सावरू पाहणाऱ्या या मंडळींना त्या उन्हाळ्यात गर्दी खेचणारे काहीतरी हवेच होते. त्यानंतर वॉर्नरने अमेरिकेतील अनेक शहरांत खास चाहत्यांसाठी मोफत खेळ ठेवले. तिथे कोण येणार? ज्याच्याकडे फ्लॅशचे कॉमिक्स जपून ठेवलेले आहेत, जो लाल रंगाचा सदरा घालून दोन तास आधी रांगेत उभा राहतो, तो. त्याने तिकिटाला पैसे दिलेले नाहीत आणि जगाच्या आधी पाहायला मिळाल्याचा मान त्याला मिळाला आहे. शेजारी त्याच्यासारखेच तीनशे जण बसले आहेत. मायकेल कीटन हा जुना बॅटमॅन १९९२ नंतर प्रथमच त्या वेषात पडद्यावर येतो तेव्हा सभागृह दुमदुमते. या गजरात बसलेल्याला चित्रपट कसा वाटला हे सांगताना त्या गजरातून चित्रपट वेगळा काढता येत नाही. सुताच्या गुंत्यासारखे ते होऊन बसते.

हाच चित्रपट मग जूनमधल्या मंगळवारी दुपारी, निम्म्या रिकाम्या चित्रगृहात पाहणाऱ्याचे लक्ष कशाकडे गेले? रुग्णालयातून कोसळणाऱ्या, संगणकावर घडविलेल्या बालकांच्या मेणासारख्या चेहऱ्यांकडे. शेवटाकडे दिवंगत नट क्रिस्टोफर रीव्ह यांची संगणकाने उभी केलेली प्रतिमा येते, तिच्याकडे. काहींना ती श्रद्धांजली वाटली, पुष्कळांना ती विटंबना वाटली. दिग्दर्शक आन्द्रेस मुस्किएती यांनी दृश्यांतील विकृती जाणीवपूर्वक ठेवल्याचे सांगितले, परंतु खुलासा करावा लागला तिथेच बाजू लंगडी झाली. नायक एझ्रा मिलर याच्यावर २०२२ साली झालेल्या अटकांची आणि आरोपांची छायाही चित्रपटावर होती. चाहत्यांच्या खेळात ती जाणवत नसली तरी सर्वसामान्य प्रेक्षकाला घरीच थांबविण्यास ती पुरेशी होती.

हे एकट्या ‘फ्लॅश’चे झाले असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. पण २०१६ सालचा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आठवून पाहावा. २० मार्चला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात मोठा सोहळा झाला आणि पहिल्या प्रतिक्रिया उत्साहाच्या आल्या. दोनच दिवसांनी सविस्तर परीक्षणांवरची अट उठली आणि आभाळ फाटावे तशी टीका कोसळली. एका मुलाखतीत तो प्रश्न निघाला तेव्हा बेन ॲफ्लेकचा उतरलेला चेहरा जगभर थट्टेचा विषय झाला. तरीही चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १६ कोटी ६० लाख डॉलर मिळविले, कारण तिकिटे आधीच विकली गेली होती. दुसऱ्या आठवडाअखेरीस घसरण होती ६९ टक्के. २०२१ च्या ‘इटर्नल्स’लाही पहिल्या रात्री स्तुती आणि पुढे समीक्षकांची निम्म्याहून अधिक नापसंती असेच घडले.

येथे चाणाक्ष वाचक म्हणेल, की ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’च्या पहिल्या प्रतिक्रियाही भारावलेल्याच होत्या, आणि तो तर सर्वांना आवडला! अगदी बरोबर, आणि खरी मेख इथेच आहे. चांगल्या चित्रपटाआधीही स्तुती आणि फसलेल्या चित्रपटाआधीही स्तुती. जो डॉक्टर येणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रकृती ठणठणीत’ असे सांगतो त्याचे निदान चुकते असे नव्हे, त्यातून काही कळत नाही इतकेच.

सामान्य प्रेक्षकाला काय वाटले हे शोधण्याची जुनी रीत अमेरिकेत आहे, तिची जन्मकथा गमतीची आहे. १९७८ साली एड मिंट्झ नावाचे गृहस्थ ‘द चीप डिटेक्टिव्ह’ हा विनोदी चित्रपट पाहायला गेले. लेखक नील सायमन त्यांचा आवडता, समीक्षणेही बरी. पण चित्रपट मुळीच रुचला नाही. आपल्यासारख्यांना काय वाटले हे कोणीच का विचारीत नाही, या चरफडीतून ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था उभी राहिली. पहिल्या रात्री पदरचे पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाच्या हाती बाहेर पडताना एक कार्ड दिले जाते आणि तो शाळेसारखी श्रेणी देतो. हे लोकही उत्सुकतेने पहिल्याच दिवशी आलेले, म्हणून हात सैल असतो. सुपरहीरोपटाला ‘ए’ मिळणे ही साधी गोष्ट, ‘बी’ म्हणजे काळजीचे कारण. ‘एंडगेम’ला ‘ए प्लस’ मिळाली. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’, ‘इटर्नल्स’ आणि ‘फ्लॅश’ या तिघांनाही ‘बी’. २०२४ मधील ‘जोकर’च्या दुसऱ्या भागाला ‘डी’, आणि त्याचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे.

उलट दिशेची फसवणूकही होते, ती विसरता कामा नये. २०१९ साली ‘कॅप्टन मार्व्हल’ लागण्यापूर्वीच, म्हणजे एकाही सामान्य प्रेक्षकाने तो पाहिलेला नसताना, नायिका स्त्री आहे आणि अभिनेत्री ब्री लार्सन स्पष्टवक्ती आहे एवढ्यावरून चिडलेल्यांनी प्रतिकूल शेऱ्यांचा मारा केला. तो इतका वाढला की ‘रॉटन टोमॅटोज’ला प्रदर्शनापूर्वीचे प्रेक्षकांचे शेरे त्याच फेब्रुवारीत बंद करावे लागले, आणि पुढे तिकीट काढल्याची खात्री पटलेल्यांचे गुण वेगळे दाखविण्याची सोय आली. चित्रपटाने एक अब्ज डॉलरहून अधिक कमावले. न पाहताच बोटे मोडणाऱ्यांपेक्षा पाहून भारावलेला चाहता केव्हाही बरा, हे माझे मत.

चाहत्याला दोष देताना हातही जरा आखडता घ्यावा. वीस वर्षे ज्या पात्रावर जीव लावला त्याचा चित्रपट म्हणजे घरचे कार्य. घरच्या कार्याला बरे म्हणण्याची ओढ मनुष्यस्वभावातच आहे. शिवाय अनेक चाहते दुसऱ्यांदा पाहिल्यावर आपले मत प्रामाणिकपणे बदलतात. फक्त ते बदललेले मत पहिल्याइतक्या लोकांपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा या अभिप्रायांतून काही घ्यायचेच असेल तर विशेषणे गाळून नामे वाचावीत. ‘काय विलक्षण!’ यातून काही हाती लागत नाही. परंतु चित्रपट अडीच तासांचा असून शेवटची लढाई चाळीस मिनिटे चालते, लहान मुले घाबरतील असे दोन प्रसंग आहेत, मागचे तीन भाग पाहिल्याशिवाय कथा कळत नाही, अशी वाक्ये आली तर ती कात्रणे जपून ठेवावीत. परीक्षणांची मुदत कधी उठते तेही पाहावे. २०२४ च्या ‘मॅडम वेब’ची परीक्षणे प्रदर्शनाच्या जेमतेम आदल्या दिवशी बाहेर आली, निर्मात्याचा स्वतःच्या मालावर किती विश्वास होता ते त्यावरूनच समजले असते.

भारतीय प्रेक्षकांना या साखळीत एक वेगळेच स्थान मिळाले आहे. ‘द ॲव्हेंजर्स’ २०१२ मध्ये आपल्याकडे २७ एप्रिलला आला, अमेरिकेत ४ मे रोजी. ‘आयर्न मॅन ३’ आणि ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ही आठवडाभर आधी आले. त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या पहाटेच्या खेळाहून परतलेल्या तरुणाचे मत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला उपयोगी पडत होते. तिकीट स्वतःच्या पैशाने काढलेला, कोणाचाही निमंत्रित नसलेला हा प्रेक्षक एका अर्थाने आदर्श साक्षीदार. गंमत अशी की ‘फ्लॅश’ आमच्या पडद्यांवरून उतरत असताना त्याच जूनच्या अखेरीस ‘बाईपण भारी देवा’ लागला. त्याला परदेशी सभागृहातील टाळ्या नव्हत्या. एक गट पाहून यायचा आणि भिशीतल्या, सोसायटीतल्या दुसऱ्या गटाला पाठवायचा. पहिल्यापेक्षा पुढच्या आठवड्यांत गर्दी वाढत गेली. वितरकांच्या बोलीत ज्याला ‘माऊथ पब्लिसिटी’ म्हणतात ती ही.

आता मात्र बहुतेक मोठे चित्रपट जगभर एकाच सुमारास लागतात आणि तो मान उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ आला तेव्हा लॉस एंजेलिसमधील पहिल्या खेळाच्या प्रतिक्रिया इथल्या चाहत्यांनी तीन दिवस आधीच वाचलेल्या होत्या. त्यात नायक-नायिकेच्या प्रेमाचे कौतुकही होते. ११ जुलैला चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या भारतीय चाहत्यांचा पहिला अभिप्राय वेगळाच निघाला. परिनिरीक्षण मंडळाने चुंबनाच्या दृश्याचे ३३ सेकंद कापले होते आणि पडद्यावर बसलेला झटका स्पष्ट जाणवत होता.