पहिला पाऊस आणि माळाची जमीन

धार जिल्ह्यातील गंधवानीचा मुलूख मांडवगडच्या पश्चिमेस, विंध्याच्या डोंगराळ भागात आहे. वस्ती मुख्यतः भिल्ल व भिलाला लोकांची. शेतीला जोड गुराढोरांची आणि शेळ्यांची. उन्हाळ्यात येथील माळ करपून जातात. परंतु जूनमध्ये दोनचार चांगल्या सरी कोसळल्या की थोड्याच दिवसांत त्याच माळावर हिरवी लव दिसू लागते. पाणी मिळाले म्हणून गवत उगवले, असे आपण म्हणतो. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. नुसत्या पाण्यावर पान हिरवे होत नाही. त्याला नत्र लागते. मग महिनोन्‌महिने वाळलेल्या जमिनीत हे नत्र एकाएकी कोठून आले?

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. पण गवताला तो हवेतून थेट घेता येत नाही. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू तो बांधून ठेवतात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखविले. माळावरची बाभूळ आणि गवतात वाढणाऱ्या बारीक शेंगवर्गीय वनस्पती हेच काम करतात. मात्र जमिनीतील बहुतेक सर्व नत्र कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि मुळांच्या अवशेषांत अडकलेले असते. सूक्ष्म जंतू ते कुजवून त्याचा अमोनिया करतात, व दुसरे जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. तेव्हा कोठे ते मुळांना सहज घेता येते.

उन्हाळ्यात हे कारखाने जवळजवळ बंद पडतात. पुष्कळ जंतू मरतात, उरलेले निपचित राहतात. पहिला पाऊस पडताच उरलेले जंतू मेलेल्यांवर आणि मोकळ्या झालेल्या सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात, आणि काही दिवसांतच उपलब्ध नत्राचा एक लोंढा जमिनीत सुटतो. पूर्व आफ्रिकेत संशोधन करणाऱ्या बर्च यांनी १९५८ साली या घटनेचे विवेचन केले. तेव्हापासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कोरड्या माळाचे सारे अर्थकारण या थोड्या दिवसांवर अवलंबून असते. मारवेल, पवन्या यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे जमिनीत तयारच असतात. ती हे नत्र झेलतात. पावसाळा संपताना हीच गवते पानांतील बरेचसे नत्र परत मुळांकडे ओढून घेतात आणि पुढील वर्षाची बेगमी करतात. परंतु जेथे चराई अतोनात होऊन ही गवते नाहीशी झाली, तेथे झेलणारे कोणी नसते. मग नायट्रेट पाण्याबरोबर ओढ्याला जाते, किंवा पाणी साचलेल्या जागी जंतूंच्या क्रियेने त्याचा पुन्हा वायू होतो. शिवाय पहिल्या कोंबांवरच गुरे सोडली तर मुळांत साठविलेली पुंजीही खर्ची पडते.

दुसरी गळती आगीची. वाळलेले गवत पेटविले की राखेत पालाश व स्फुरद बरेचसे उरते, पण नत्र बहुतांशी धुराबरोबर निघून जाते. तिसरी गळती शेणाची. माळावरचे नत्र गुरांच्या पोटातून घरी येते आणि गोवरीच्या रूपाने चुलीत जळते. यात दोष गृहिणीला देता येणार नाही. डोंगर उघडे पडले आणि सरपण दुर्मिळ झाले, तेव्हा ती दुसरे काय जाळणार?

या प्रश्नावर याच माळव्यात मोलाचे काम झाले आहे. इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खत करण्याची इंदूर पद्धत सिद्ध केली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. वाळलेल्या काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. तो तसाच जमिनीत घातला तर जंतू तो कुजविण्यासाठी जमिनीचेच नत्र उसने घेतात व पीक उपाशी राहते. म्हणून हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून ढीग करविले. ते ओले ठेवून व परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. गोठ्यातील माती हे त्यातले मर्म. कारण मूत्रातील नत्र उघड्यावर राहिले तर अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

तेव्हा माळाचा तुकडा आळीपाळीने राखावा आणि पहिले काही आठवडे तेथे गुरे घालू नयेत. गवत जाळण्याऐवजी कापावे, मूत्राची माती खतात घालावी. यांपैकी कशालाही मोठा पैसा लागत नाही. परंतु गोवरीला पर्याय म्हणून सरपणाची झाडे गावाजवळ लावली नाहीत, तर शेण चुलीतच जाईल. जमिनीचे नत्र राखावयाचे तर आधी चुलीची सोय पाहिली पाहिजे.