घरात संगणक एक, कप्पे मात्र वेगळे!

नुंगंबाक्कमच्या एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. संगणक एकच. त्यावर बाबांचे ऑफिसचे काम, आईचे बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास. कोणी काय पाहिले याच्या नोंदी मात्र एकाच ठिकाणी! जाहिरातदारांना आणखी काय हवे?

या अडचणीवर चेन्नईच्याच झोहो कंपनीने २०२३ साली ‘उला’ हा ब्राउझर आणला. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. त्यात ऑफिस, खासगी, मुलांसाठी असे वेगवेगळे कप्पे आहेत. एका कप्प्यातल्या नोंदी दुसऱ्यात मिसळत नाहीत. माग काढणाऱ्या जाहिरातींनाही तो अडवतो. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत झोहोला १ कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले.

‘उला’चा पाया मात्र गूगलने सुरू केलेल्या क्रोमियमचाच. त्यात सापडणाऱ्या उणिवा नव्या आवृत्तीत बुजवल्या जातात. म्हणूनच ब्राउझर कोणताही असो, ‘अपडेट करा’ ही सूचना उद्यावर ढकलू नका.

आणि मुलांचा कप्पा उघडून दिला की आपली जबाबदारी संपली, असे मुळीच नाही. अधूनमधून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसाच!