प्रथम वर्ष आणि सातवा अध्याय

दरवर्षी बी.ए.एम.एस.ची नवीन तुकडी दाखल झाली, की दोन-तीन आठवड्यांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. वय अठरा-एकोणीस, तक्रारी मलावष्टंभ, शिरःशूल, अरुची, केस गळणे आणि मुलींमध्ये अनियमित रजःप्रवृत्ती. हे आमचेच प्रथम वर्षाचे विद्यार्थी. वर्षानुवर्षे आम्ही त्यांना त्रिफळा चूर्ण देत आलो आणि ‘पाणी बदलले आहे, होईल ठीक’ असे सांगून परत पाठवीत आलो. या उत्तरात आमची चूक होती, हे एका विद्यार्थिनीच्या प्रतिश्यायाने आम्हांस दाखवून दिले.

ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून आली होती. शिंका, नाक वाहणे, डोळे जड, जेवणावर वासना नाही. प्रथम शवविच्छेदन कक्षातील फॉर्मॅलिनचा त्रास असावा असे वाटले. सितोपलादि चूर्ण मधातून दिले, मेसमधील दही बंद करविले. तीन आठवडे झाले तरी उपशय नाही. चौथ्या खेपेस रुग्णांची गर्दी नव्हती, म्हणून आम्ही सहज विचारले, “बाळ, घरी रोज फोन करतेस ना?” ती म्हणाली, “करते सर. पण आई रडते म्हणून मी हसूनच बोलते.” खोलीत तिघीजणी असतात, तेथे रडता येत नाही. वडिलांनी निघताना सांगितले होते, आता मागे फिरायचे नाही. तीन महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती.

वैद्यबंधूंनो, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा, नवेगान्धारणीय अध्याय आपण सर्वांनी मुखोद्गत केलेला आहे. तेरा अधारणीय वेग झोपेतूनही सांगता येतात. त्यांत बाष्प, म्हणजे अश्रू, हाही एक वेग आहे. आणि त्याच्या धारणाने प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. लक्षणे आमच्यासमोर बसलेली होती आणि आम्ही दह्याची चौकशी करीत होतो!

त्या रात्री तो अध्याय आम्ही पुन्हा काढला आणि वसतिगृह डोळ्यांसमोर ठेवून वाचला. एका मजल्यावर पंचवीस मुले, शौचालये चार, आणि आठ वाजता पहिला तास. पुरीषवेग धारण करण्यावाचून गत्यंतर नसते. पुढे ‘पोटऱ्या ओढतात’ अशी तक्रार येते आणि आपण तिचे खापर वसतिगृहाच्या जिन्यावर फोडतो. पिण्डिकोद्वेष्टन हे पुरीषवेगधारणाचे लक्षण म्हणून सांगितलेले असताना! सकाळचा नाश्ता चुकतो, प्रात्यक्षिक लांबते आणि क्षुधावेग दोन वाजेपर्यंत अडतो. निद्रेविषयी तर बोलावयासच नको. रात्री एक वाजेपर्यंत पाठांतर, सकाळी जृंभा, अंगमर्द आणि तंद्रा. मग वर्गात डुलकी लागली म्हणून आपणच रागावतो.

यात अभ्यासाचे ओझे निराळेच. बारावीपर्यंत आवर्तसारणीतील मूलद्रव्ये घोकून आलेल्या मुलास पदार्थविज्ञानाच्या तासाला काल आणि दिशा हीही द्रव्ये आहेत असे सांगितले जाते. ज्याने शाळेत संस्कृत घेतलेच नाही, त्याच्यापुढे संधिविग्रह येतो. त्यातच नातेवाईक विचारत असतात, ‘एम.बी.बी.एस. नाही का मिळाले? पुढच्या वर्षी पुन्हा नीट देणार ना?’ कित्येक मुले शरीराने वर्गात आणि मनाने त्या परीक्षेत असतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या शास्त्राकडे दुसरी पसंती म्हणून आलो, त्यावर श्रद्धा बसावयास काही काळ जावा लागतोच. आमच्यापैकीही अनेकजण याच वाटेने आले आहेत, हे येथे मान्य करावयास हरकत नसावी.

याच सातव्या अध्यायात पुढे पादांशिक क्रम येतो. अंगवळणी पडलेले अहितकर असले, तरी ते एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावे आणि हितकर तेवढ्याच प्रमाणात आणावे. मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे. एकाएकी केलेला बदल, मग तो चांगला का असेना, देहास सोसत नाही. हा नियम आपण तंबाखू सोडणाऱ्या रुग्णास सांगतो. नवीन विद्यार्थ्याचे मात्र आहार, निद्रा, भाषा, माणसे आणि पाणी आपण एकाच दिवशी बदलतो. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या 2022 च्या नियमांत प्रारंभी किमान 15 कामकाजाच्या दिवसांचा संक्रमणकालीन अभ्यासक्रम आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ते पंधरा दिवस केवळ स्वागतसमारंभ आणि भाषणे यांतच गेले, तर त्यांत क्रम कोठला? शिवाय पहिले व्यावसायिक वर्ष अठरा महिन्यांचे असते. सोळाव्या दिवसानंतरचे काय?

आम्ही आमच्यापुरते थोडेसे केले. वसतिगृहातील मुलांचा पहिला तास अर्ध्या तासाने पुढे ढकलावा म्हणून प्राचार्यांना विनंती केली; ती पहिल्या सत्रापुरती मान्य झाली. मेसमध्ये रात्री उष्ण, लघु आणि किंचित स्निग्ध असे मुगाचे वरण व भात आठवड्यातून तीन दिवस सुरू झाला. मुले त्याला ‘पेशंटचे जेवण’ म्हणतात, तरीही पातेले रिकामे होते.

आणि बाष्पवेगधारणाची चिकित्सा? तेथे निद्रा, मद्य आणि प्रिय कथा सांगितल्या आहेत. मधले औषध वगळून आम्ही दर गुरुवारी सायंकाळी रुग्णालयाच्या ओसरीवर चहा मांडतो. विषय अभ्यासाचा नसतो. ती मुलगी पहिल्या गुरुवारी आली, कोपऱ्यात बसली आणि बराच वेळ रडली. तिच्या शेजारी बसलेल्या दोघीही रडल्या. पुढील आठवड्यात शिंका थांबल्या होत्या. पुन्हा नीटचा अर्ज भरला की नाही, हे आम्ही तिला विचारले नाही. परवा ती कोल्हापूरच्या एका मुलीला ज्वारीची भाकरी कशी थापावी, यावरून भांडत होती.