नव्या स्मृतीचे झोन-निर्धारण

चालू संगणक बंद न करता त्याची स्मृती वाढविण्याची सोय लिनक्स कर्नेलमध्ये आहे. तथापि स्मृती जोडली म्हणजे ती लगेच वापरात येते असे नव्हे. ती कोणत्या झोनमध्ये मोडते, हे आधी ठरावे लागते.

झोन म्हणजे समान गुणधर्मांच्या पृष्ठांचा विभाग. ह्या विभागणीची तत्त्वे दोन. पहिले पत्त्याचे : ६४-बिट इंटेल पद्धतीच्या यंत्रांत पहिल्या १६ एमबीचा डीएमए व पुढे ४ जीबीपर्यंतचा डीएमए३२ हे झोन, मर्यादित पत्तेच गाठू शकणाऱ्या उपकरणांच्या सोयीसाठी असतात. दुसरे उपयोगाचे : नॉर्मल झोनमध्ये कर्नेलच्या स्वतःच्या अचल रचना राहू शकतात, मूव्हेबल झोनमध्ये प्रायः अन्यत्र हलविता येणारी पृष्ठेच ठेवतात.

नवी स्मृती बहुधा ४ जीबीच्या वरची असल्याने खरा प्रश्न दुसऱ्या तत्त्वाचा होय. ती नॉर्मलमध्ये घातली आणि तीत कर्नेलचे एकच अचल पृष्ठ राहिले, तरी तो संपूर्ण खंड पुढे काढून घेता येत नाही. उलट सर्वच स्मृती मूव्हेबलमध्ये घातली, तर दुसरे संकट उद्भवते. दर ४,०९६ बाइटांच्या पृष्ठामागे ६४ बाइटांची नोंद लागते, व ती सामान्यतः कर्नेलच्या जुन्या स्मृतीतच राहते. ४ जीबीच्या यंत्रास १२८ जीबी जोडल्यास नुसत्या नोंदीच २ जीबी व्यापतात. अशा स्थितीत स्मृती मुबलक असूनही कर्नेलला ती अपुरी पडते.

२०१७ मधील ४.१३ ह्या आवृत्तीपूर्वी खंड जोडतानाच त्याचा झोन ठरे व नंतरचा बदल शेजारच्या खंडांवर अवलंबून राही. त्या आवृत्तीपासून हा निर्णय खंड वापरात आणण्याच्या क्षणापर्यंत लांबविला गेला. परभाषेतील शब्दाचेही असेच असते : 'टेबल' नपुंसकलिंगी की 'बस' स्त्रीलिंगी, हे शब्द वाक्यात योजला जातो तेव्हा ठरते, आणि एकदा रूढ झालेले लिंग सहसा बदलत नाही. खंडाचा झोनही, तो वापरातून पूर्णतः काढल्याखेरीज, बदलता येत नाही.

२०२१ मध्ये ५.१५ ह्या आवृत्तीत प्रमाणावर आधारलेले धोरण आले. ते निवडल्यास मूव्हेबल स्मृती कर्नेलयोग्य स्मृतीच्या सुमारे तिपटीपर्यंतच वाढू दिली जाते. हे प्रमाण व्यवस्थापकास बदलता येते. तात्पर्य, झोन-निर्धारणात आज सामावून घेणे आणि उद्या परत करता येणे, ह्या दोहोंचा तोल राखावा लागतो.