जाळीखालचें शेत आणि उघडें तळें

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जातांना वाटेंत बिडकीन लागतें. पुढें पैठणाजवळ गोदावरीवर १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडीचें धरण. अलीकडे गावालगत ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत, जिचें लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजीं झालें. धरण इतकें जवळ असूनही ह्या टापूंतील पुष्कळ शेती पावसावर आणि विहिरींवर विसंबून आहे. अशा ठिकाणीं शेडनेट, म्हणजे जाळीखालची शेती, शेतकऱ्यास आधार वाटावी, यांत नवल नाहीं.

जाळी ऊन मंद करते, वारा अडविते. झाडाची तहान कमी होते. मात्र तिचा सांगाडा खर्चाचा. म्हणून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानें २००५ नंतर अशा उभारणीस निम्म्या खर्चाचें अनुदान ठेविलें. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाली. एप्रिल २०२४ पासून राज्यांत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत झाली. एकेक योजना निराळी पाहिली, तर हितकरच. परंतु तिन्ही एका शेतांत आल्या म्हणजे काय घडतें, तें वाचकांनीं आमच्याबरोबर हिशेब करून पाहावें.

तीस मीटर लांब, तितकेंच रुंद व तीन मीटर खोल तळ्यांत सुमारें बावीस लक्ष लिटर पाणी मावतें. त्यांत पावसाचें वाहून जाणारें पाणी साठावें, हा मूळ हेतु. प्रत्यक्षांत पुष्कळ तळीं विहिरीच्या पाण्यानें भरतात. भूमीच्या सावलींतलें पाणी उपसून उन्हांत ठेवावयाचें! तळें भरलेलें असतां उन्हाळ्यांत दिवसास एक सेंटिमीटर पाणी उडालें, तर नऊशें चौरस मीटरांवरून नऊ हजार लिटर जातें. दहा गुंठे जाळीखालच्या पिकास दर चौरस मीटरामागें चार लिटर दिलें, तरी चार हजारांत भागतें. म्हणजे पिकाच्या दुपटीहून अधिक पाणी आकाशच पितें, आणि शेजारच्या ज्या कोरडवाहू शेतकऱ्यास अनुदान मिळालें नाहीं, त्याची विहीर आटते.

दोष जाळीचा नव्हे, शेतकऱ्याचाही नव्हे. अनुदान चौरस मीटरांवर मोजलें जातें, पाण्यावर नाहीं, हें खरें मर्म. उपायाची दिशा घरचीच आहे. २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पानें मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्यानें गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. त्याच ताळेबंदावर जाळीची, तळ्याची व पंपाची मंजुरी ठरावी. आणि तळ्यावर आच्छादन घालणारास प्रथम साहाय्य मिळावें, असें आम्हांस वाटतें.

घरांत पंगत सांगण्यापूर्वीं गृहिणी कोठींतलें धान्य पाहते. गावाच्या कोठींत पाणी किती, हें पाहिल्यावांचून मांडलेली पंगत अर्ध्यावरच उठेल, आणि उपाशी राहणारा बहुधा शेवटच्या पानावरचाच असेल.